कॅप्टनसाहेबांचा एक

कॅप्टनसाहेबांना वेळ विचारायची सोय नव्हती. मनगटावर चांगलं घड्याळ होतं, पण ते ग्रीनविचच्या वेळेवर लावलेलं असे, कारण विमानातला सगळा कारभार त्या वेळेवर चालतो. कुणी "किती वाजले हो?" म्हटलं की ते घड्याळ बघून सांगत, "चार पन्नास." समोरचा गोंधळला की मग म्हणत, "साडेपाच तास मिळवा." गिरगावात ते राहत त्या चाळीतली पोरं शाळेला निघताना त्यांना चुकवून कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वेळ विचारत. मी एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, लोकांसाठी तरी आपली वेळ लावा की." तर म्हणाले, "बाई, ज्याला साडेपाच मिळवता येत नाहीत त्याला वेळ कळून उपयोग काय?"

ते वैमानिक होते आणि मी त्यांच्या विमान महामंडळाच्या फोर्टातल्या ऑफिसात टायपिस्ट होते. नेमणुका, बढत्या, रजा, वैद्यकीय तपासण्या, सगळ्यांचे कागद आमच्या सेक्शनमधून जात. त्यामुळे माणूस समोर येण्याआधी त्याची फाईल मला पाठ झालेली असे. ह्यांची फाईल पातळ होती. रजा नाही, तक्रार नाही, अपघात नाही. माणूस समोर आला तेव्हा मात्र मला तो शिपायासारखा वाटला. हातात कापडी पिशवी, पिशवीत सोनेरी पट्ट्यांची टोपी आणि टोपीवर कोथिंबिरीची जुडी. टोपी ड्यूटीवर घालायची असते, ट्राममध्ये नाही, असं त्यांचं म्हणणं.

चाळीतल्या अर्ध्या लोकांना ते काय करतात हे धड ठाऊक नव्हतं. कॅप्टन म्हणजे बोटीवरचा, असा समज. तळमजल्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई दर चैत्रात त्यांना विचारायच्या, "रत्नागिरीची बोट कधी सुटता हो?" आणि हे गृहस्थ धक्क्यावर जाऊन वेळ विचारून येत आणि त्यांना सांगत. ती वेळ मात्र साडेपाच मिळवून.

त्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणत असू, त्यांच्याकडेच राहायची. लग्न त्यांनी केलं नव्हतं. चाळीच्या नळावर रोज भांडणं होत म्हणून त्यांनी एकदा बिऱ्हाडांची यादी करून नळाशेजारी लावली, जो आधी चाळीत राहायला आला त्याचा नंबर आधी. त्या हिशेबाने त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड शेवटून दुसरं आलं. पहाटे विमान घेऊन दिल्लीला जायचं असे तेव्हा बायका म्हणत, "कॅप्टन, तुम्ही भरून घ्या आधी." ते घेत नसत. ताई मला म्हणाली होती, "पारोसा गेलाय गं दिल्लीला, पण नंबर नाही मोडला."

न्हाव्याकडचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिला नाही, पण त्यांच्याच तोंडून ऐकला. एका नवरदेवाला घाई होती. तो म्हणाला, मला तुमच्या पुढे घ्या. कॅप्टनसाहेब म्हणाले, "माझी ना नाही हो, पण माझ्या मागे हे चौघे बसलेत. मी तुम्हाला पुढे घेतलं तर ते एकेकाने मागे जातात. त्यांचा नंबर मी कसा देऊ?" मग त्यांनी चौघांना एकेक करून विचारलं. तिघे हो म्हणाले, चौथा नाही म्हणाला. नवरदेव तसाच बोहल्यावर गेला असणार.

अशा माणसाच्या नशिबी ती ज्येष्ठतेची यादी यावी!

झालं होतं असं, की सरकारने सगळ्या खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन एकत्र केल्या होत्या. कुणाची कंपनी मोठी, कुणाची दोन जुन्या डाकोटा विमानांची. माणसं एका छपराखाली आली आणि प्रश्न पडला, थोरला कोण? एकाच मांडवात सात-आठ सुना आणायच्या आणि मग मानाचं हळदीकुंकू आधी कुणाला लावायचं ते ठरवायला बसायचं, तसला प्रकार. मोठ्या कंपनीवाले म्हणत, कॅप्टन कधी झाला ते धरा. हवाई दलातून आलेले म्हणत, एकूण तास धरा. छोट्या कंपनीवाले म्हणत, नोकरीत कधी लागला ते धरा. कमिट्या बसल्या, उठल्या, परत बसल्या. दोन गट पडले. कॅंटीनमध्ये एका गटाच्या टेबलावर दुसऱ्या गटाचा माणूस चहा पीत नसे. एकाच विमानात डावीकडे एका गटाचा आणि उजवीकडे दुसऱ्या गटाचा बसला, तर मुंबई ते कलकत्ता कामापुरतंच बोलत जात. आम्ही टायपिस्ट ह्या गोष्टी चवीने चघळायचो, खोटं कशाला सांगू.

ही नुसती मानापमानाची गोष्ट नव्हती. नवी विमानं येणार होती, चार इंजिनांची, डाकोटाच्या दुप्पट उंचीवरून जाणारी. ती चालवायच्या शिक्षणाला यादीतले पहिले तीस जण जाणार होते. पुढची तुकडी केव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. कॅप्टनसाहेबांना ते विमान हवं होतं. दुसरं काही हवं असल्याचं मला तरी आठवत नाही. त्याच्या चित्राचं एक कॅटलॉग त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीखाली असायचं. आणि आणखी एक गोष्ट मला फायलीमुळे ठाऊक होती. दर सहा महिन्यांच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब थोडा थोडा वर चालला होता. पहिल्या तुकडीत गेले तर गेले, दुसरीपर्यंत डॉक्टर त्यांना उडू देतील असं दिसत नव्हतं.

शेवटी नोकरीत लागल्याची तारीख धरायची असं ठरलं. सगळ्यांना फॉर्म वाटले. कॅप्टनसाहेबांची जुनी कंपनी इतकी लहान होती की तिचे कागद कुठल्या गोदामात वाळवीने खाल्ले ते कुणालाच सांगता येईना. त्यामुळे त्यांच्यापुरता तो फॉर्म हाच पुरावा.

आता इथे त्यांच्या दुसऱ्या खुळाबद्दल सांगायला हवं. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरगावात गोळीबार झाला तेव्हा चाळीच्या तोंडाशी एक माणूस पडला. कॅप्टनसाहेब त्याला उचलून आत घेऊन आले होते. ते मोर्चाला गेले नाहीत, भाषणाला गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंग्रजी आकडा लिहायचं सोडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत नाही. विमानाचे कागद तेवढे वगळून. मी विचारलं, "ते का वगळले?" तर म्हणाले, "विमानात मागे माणसं बसलेली असतात, बाई. बाकीच्या कागदात मी एकटाच असतो."

तर त्यांनी फॉर्म भरला इंग्रजीत, वळणदार अक्षरात, आणि तारीख घातली मराठी आकड्यात. १ जुलै १९४६.

यादी मी टाईप केली. अडीचशे फॉर्म, सगळे इंग्रजी, चार दिवस मान वर केली नव्हती. ती तारीख मी नऊ जुलै अशी मारली. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की सारखेच दिसतात, हे खरं. पण शेजारी साल होतं, त्यात एक आणि नऊ दोन्ही लागून होते, आणि ते साल मी बरोबर वाचलं होतं. मी डिलाईल रोडवरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी आकडे गिरवत मोठी झालेली बाई. सेक्शनमध्ये मराठी वाचणारी मी एकटी, आणि मराठी एक चुकला तो माझ्याच हातून.

महायुद्ध संपल्यावर वैमानिक भराभर नोकऱ्यांना लागले होते. त्या आठ दिवसांत सहा जण लागले होते. कॅप्टनसाहेब अठ्ठाविसावे होते, ते चौतिसावे झाले.

यादी लागली त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. रागावलेले नव्हते. "बाई, मी चौतिसावा कसा?" मी फॉर्म काढला, पाहिला, आणि मला कळलं. "साहेबांना विचारायला हवं," असं काहीतरी मी पुटपुटले.

आमचे सुपरिंटेंडेंट दक्षिणेकडले, कामात चोख, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्यापुढे त्या आठवड्यात दीडशे हरकती पडल्या होत्या. त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला आणि इंग्रजीत म्हणाले, "मला तर नऊ दिसतो. तुम्ही असं करा, इंग्रजी आकड्यात परत लिहून द्या, आणि खाली लिहा की आधी अक्षर नीट नव्हतं. आजच्या आज दुरुस्त करतो."

दोन मिनिटांचं काम होतं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "अक्षर नीट होतं. एक हा एकच आहे. वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं असं तुमच्या सेक्शनने लिहून द्यावं."

साहेबांनी मला आत बोलावलं. "तुम्ही मराठी ना? सांगा, हा आकडा काय आहे?"

फॉर्मच्या कोपऱ्यात 'तपासले' ह्या शिक्क्याखाली माझी आद्याक्षरं होती. मी टेंपररी होते. कायम करायचा कागद त्याच महिन्यात निघायचा होता. घरी वडील गिरणीतून छातीचं दुखणं घेऊन बसलेले, मागे दोन भाऊ शिकणारे. शिवाय ऑफिसात त्या दिवसांत मराठी माणसाने मराठी माणसाची बाजू घेतली की लोक एकमेकांकडे बघत. ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मला नुसती भीती वाटली.

मी म्हटलं, "नीट लागत नाही, सर."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी उचलली आणि निघून गेले.

हरकतीची मुदत एक महिना होती; तेवढ्यात सेक्शनने चूक कबूल केली नाही तर यादी पक्की. त्या महिन्यात ते मुंबईत असले की ऑफिसात यायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे, तासभर, कधी दोन तास. मला वाटायचं, आत येऊन आता हा माणूस तडातडा बोलेल. तो बोलत नव्हता. "कसं काय, बाई," एवढंच. मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गप रव. नोकरी गेली तर आमी खातलंव काय?" मी गप राहिले. रात्री ताटावर बसायची आणि तशीच उठायची. आई ओरडायची, "जेवूचा नाय काय तुका?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते सकाळपासून बाकावर होते. मी दिवसभर टाईप केलं. पाच वाजता मशीनवर कापड घातलं. बाहेर आले तर ते उठले आणि म्हणाले, "येतो आता, बाई." आणि जिना उतरून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मला जे सुचलं ते मला मोठं शहाणपणाचं वाटलं. मी एक पत्र टाईप केलं. अमुक फॉर्मवरचा मराठी एक मी नजरचुकीने नऊ वाचला, चूक सेक्शनची आहे, दुरुस्ती व्हावी. खाली सही. वर तारीख मुदतीच्या आतली, चार दिवस आधीची. आवक रजिस्टरच्या त्या तारखेच्या पानावर तळाला दोन ओळी रिकाम्या होत्या, त्या मी बघून ठेवल्या. शिक्षणाला जाणाऱ्यांची नावं अजून निघायची होती. रविवारी मी ते पत्र घेऊन गिरगावात गेले.

कॅप्टनसाहेब बूट पुसत होते. ताईने चहा टाकला. मी पत्र हातात दिलं आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं, की ती आद्याक्षरं माझी, नऊ मी वाचला, साहेबांसमोर मी खोटं बोलले.

"आद्याक्षरं मी पहिल्या दिवशीच पाहिली होती," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"सांगायचं तुम्ही होतं." त्यांनी पत्र वाचलं. "ही तारीख?"

"ती आतली घातलीय. उद्या रजिस्टरला ओळ चढवते. कुणाला कळायचं नाही. तुम्ही परत अठ्ठाविसावे होता."

त्यांनी पत्र गुडघ्यावर ठेवलं. "बाई, आधी तुम्ही चुकलात. मग घाबरलात. ही दोन्ही माणसं मला समजतात. हे तिसरं काय आहे?"

"अहो, तुमचं विमान जातंय!" मी जवळजवळ ओरडलेच.

"जातंय खरं," ते म्हणाले. चेहरा इतका उतरला की मला बघवेना. "पण खोट्या तारखेने चढलो तर मी त्या यादीत कुणाला काय तोंड दाखवू? माझी खरी तारीख खोटी ठरली म्हणून तर मी महिनाभर बाकावर बसलो."

ताई आतून कपबशा घेऊन आली आणि मधेच उभी राहिली. "घे की रे ते पत्र! पोर एवढी चालून आलीय. जन्मभर नंबर नंबर केलंस, तुझा आला तेव्हा का तोंड फिरवतोस?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू घाल गं जुनीच तारीख. मी सांगते. ह्याचं काय ऐकतेस?"

"ताई, चहा निवतोय," ते म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तारीख घालायची असेल तर आजची घाला."

"आजची घातली तर तुम्हाला काही मिळत नाही. मुदत गेली. आणि माझी मात्र नोकरी जाईल."

"म्हणून म्हटलं, घालायची असेल तर."

ताईने चहा परत गरम करून आणला. मग मी वरची तारीख खोडली आणि आजची घातली. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, आणि मी फार सत्यवादी म्हणूनही नाही. ते पत्र तसंच घेऊन परत डिलाईल रोडला चालत जाणं मला जमलं नसतं, एवढंच.

सोमवारी साडेदहाला मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "आता? आता ह्याचा काय उपयोग?" त्यांनी ते वर पाठवलं. वरून उत्तर आलं, मुदतीनंतरच्या हरकतीचा विचार होणार नाही. माझी नोकरी राहिली, पण कायम होणं वर्षभर पुढे गेलं, आणि माझ्यामागून लागलेल्या चार मुली यादीत माझ्या वर गेल्या. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कॅप्टनसाहेबांनी येऊन विचारलं, "कोण कोण वर गेलं?" मी नावं सांगितली, जरा दातओठ खाऊनच. ते म्हणाले, "त्यांच्यावर डाफरू नका. त्यांनी काही केलेलं नाही." मला रागच आला. उपदेश करणं सोपं असतं, असं मनात आलं. पण ते खाली सरकल्यामुळे जो एकतिसावा होता तो तिसावा झाला आणि शिक्षणाला गेला, आणि तो नेमका दुसऱ्या गटाचा, कलकत्त्याचा. तो नवं विमान घेऊन पहिल्यांदा सांताक्रुझला उतरला त्या दिवशी कॅप्टनसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन तिथे गेले होते. तो माणूसच मला नंतर सांगत होता. पुडा हातात ठेवला, विमानाच्या पंख्याला एकदा हात लावला, आणि वर बसून बघता का म्हटलं तर नको म्हणाले.

मुंबई पुढे मिळाली. पण त्याआधीच, नवी विमानं येऊन दीड वर्ष झालं असेल, त्यांच्या सहामाही तपासणीचा कागद आला. रक्तदाब हद्दीबाहेर. उड्डाणाला अपात्र, जमिनीवरचं काम द्यावं. ते कळवायचं पत्र टाईप करायला माझ्याकडेच आलं. मी डॉक्टरांचा कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. परत वाचला. त्या दवाखान्यातल्या कुणा कारकुनाने काहीतरी चुकीचं वाचलेलं असावं, एक आकडा तरी चुकीचा निघावा, म्हणून मी दोन दिवस ते पत्र अडवून ठेवलं. मग टाईप केलं.

कॅप्टनसाहेब स्वतःच ते न्यायला आले. माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या त्यांनी ते वाचलं, आधी तारीख, मग नाव, मग आकडे, एकेक करून.

"बरोबर आहे, बाई," ते म्हणाले.